पॅकेटला चकवा लागतो तेव्हा

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला. काळ्या पडद्यावर अकरा ओळी, सातव्या ओळीभोवती लाल गोल आणि खाली निकाल: 'इथे २४० मिलिसेकंद लागताहेत, म्हणजे इंटरनेट कंपनीच्याच लाइनमध्ये घोळ आहे. सगळ्यांनी तक्रार करा.' तो टाकणाऱ्या काकांनी ट्रेसरूट, म्हणजे माहिती कोणकोणत्या टप्प्यांवरून जाते ते दाखवणारी आज्ञा, चालवून पाहिली याचंच मला कौतुक वाटलं. निदान मात्र चुकलं होतं. का चुकलं हे सांगायचं तर चकव्यापासून सुरुवात करावी लागेल.

रात्री रानातून जाणारा माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी आला, की त्याला चकवा लागला म्हणतात. त्याला भूत लागत नाही. अंधारात खुणा दिसेनाशा झाल्या की माणूस आपण सरळच चाललोय असं समजत वळत जातो. पॅकेटलाही, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या छोट्या तुकड्यालाही, चकवा लागतो. एका राउटरला (पॅकेटं पुढे धाडणाऱ्या यंत्राला) वाटतं वाट शेजाऱ्याकडून आहे, शेजाऱ्याला वाटतं याच्याकडून. पॅकेट दोघांमध्ये हेलपाटे घालत राहतं. अशी पॅकेटं साठत गेली तर लाइन तुंबायचीच. म्हणून १९८१ च्या आयपी (इंटरनेट प्रोटोकॉल) नियमावलीत प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो: टीटीएल, म्हणजे टाइम टू लिव्ह.

नावात वेळ आहे आणि कागदोपत्री तो सेकंदांत मोजायचा होता, पण व्यवहारात ही शिदोरी आहे. वाटेतल्या प्रत्येक राउटरपाशी एक भाकरी संपते. लिनक्स सहसा ६४ भाकऱ्या बांधून देतं, विंडोज १२८. आकड्याला जागाच आठ बिटांची, त्यामुळे २५५ च्या वर देता येत नाहीत. शिदोरी संपली की राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला निरोप धाडतो, 'तुमचं पॅकेट आमच्या वेशीत गेलं.' निरोपावर त्या राउटरचा पत्ता असतो.

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत नेटवर्कतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस या मृत्यूच्या निरोपांतूनच नकाशा काढला. पहिल्या पॅकेटला एकच भाकरी द्यायची. ते पहिल्या गावात मरतं, तिथला पाटील कळवतो. मग दोन, मग तीन. हेच ट्रेसरूट. राउटरना नवं काही शिकवायला नको, निरोप धाडणं त्यांच्या नियमात होतंच. मला तरी याहून देखणी युक्ती नेटवर्किंगमध्ये दिसलेली नाही. विंडोजवाल्यांनी नावातली ओ, यू, ई ही तीन अक्षरं गाळून त्याला 'ट्रेसर्ट' केलं. एका ओळीत वेळेचे तीन आकडे दिसतात, कारण प्रत्येक टप्प्यावर तीन पॅकेटं बळी दिलेली असतात.

आता काकांची सातवी ओळ. दिसणारी वेळ दोन राउटरमधली नसते. आपल्या घरून तिथवर जाऊन निरोप परत येईपर्यंतची असते. आणि राउटरची कामं दोन. पॅकेट पुढे ढकलणं हे खास चिप करते, क्षणार्धात. निरोप लिहिणं बहुतेक वेळा त्याच्या साध्या प्रोसेसरकडे असतं, आणि त्याच्या यादीत हे काम सगळ्यात खाली. टोलनाक्यावर गाड्या सुसाट चालल्या आहेत, फक्त चौकशीच्या खिडकीतला माणूस सावकाश उठतो, तसं. सातवा राउटर खरंच पॅकेटं अडवत असता, तर आठव्यापासून पुढच्या सगळ्या वेळा २४० च्या आसपास किंवा वर गेल्या असत्या. काकांच्या अकराव्या ओळीत होते ३६. ओळीत नुसते तारे दिसले तरी तेच: राउटरनं निरोप धाडला नाही, एवढंच. पुढच्या ओळी येत असतील तर वाट चालू आहे.

यात आणखी एक मेख आहे. निरोप आल्या वाटेनंच परततो असं नाही. शिवाय मोठे राउटर समांतर वाटांवर भार वाटताना पॅकेटच्या मथळ्यातल्या पोर्ट क्रमांकांचा (पॅकेट कोणत्या प्रोग्रामचं ते सांगणाऱ्या आकड्यांचा) हॅश काढतात, म्हणजे त्यांवरून गणित करून वाट ठरवतात. जुना ट्रेसरूट दर पॅकेटला पोर्ट बदलतो, म्हणून पाचवी ओळ एका वाटेवरची आणि सहावी दुसऱ्याच वाटेवरची निघते, आणि प्रत्यक्षात नसलेला रस्ता पडद्यावर उमटतो. २००६ साली आलेला 'पॅरिस ट्रेसरूट' हे आकडे स्थिर ठेवतो.

काही विलंब मात्र भूगोलाचाच असतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद लागणारच. 'पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) निम्म्यावर आणतो' म्हणणारी बूस्टर अ‍ॅपं हे अंतर कमी करू शकत नाहीत, आणि मोबाइलच्या पाठीवर चिकटवायचं सोनेरी स्टिकर तर नाहीच नाही.

काकांच्या स्क्रीनशॉटमध्ये बघण्यासारखी ओळ पहिलीच होती. १९२.१६८.१.१, म्हणजे त्यांचा घरचा राउटर. वेळेचे तीन आकडे: ४, १८०, ९५. लॅपटॉप केबलनं जोडून पुन्हा चालवायला सांगितलं, तर तिन्ही १ च्या आत. म्हणजे घोळ घरच्या वाय-फायमध्येच होता. राउटर स्टीलच्या कपाटामागे ठेवला होता. तो आता टीव्हीवर आहे. ग्रुपवरची तक्रारीची पोस्ट मात्र अजून तशीच आहे.