‘दिसलीच नाही, मामा’

गेल्या महिन्यात भाचा मला लोकमान्य नगरहून स्टेशनवर सोडायला आला होता. गाडी तो शांतपणे चालवतो, उगाच हॉर्न वाजवत नाही. वाटेत ऑफिसचा फोन आला. त्याने फोन हातात घेतला नाही, स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि स्पीकरवर बोलणं सुरू झालं. माल शुक्रवारी पाठवायचा की सोमवारी, असा काहीसा घोळ होता. पुढे झेब्रा क्रॉसिंगवर भाजीची पिशवी घेतलेली एक बाई निम्मा रस्ता ओलांडून आली होती. मला ती केव्हाची दिसत होती. भाच्याची नजरही सरळ समोरच होती. पण ब्रेक लागला तो मी ओरडल्यावर. बाई दचकून मागे सरकली, पिशवीतले चार-दोन टोमॅटो रस्त्यावर घरंगळले. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, “दिसलीच नाही, मामा. आणि हात तर मोकळे होते माझे.”

तो सबब सांगत नव्हता. त्याला ती खरोखरच दिसली नव्हती. हे कसं होतं, ते समजलं की मोबाईलचा सगळा प्रश्न वेगळाच दिसू लागतो.

परत आल्यावर आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक जुना प्रयोग केला. मी तीस सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरली. त्याने खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवलं. मी न सांगता पट्टी सोडायची, त्याने पकडायची. पट्टी साधारण 18 सेंटिमीटरवर पकडली जात होती. शाळेतलं सूत्र लावा, अंतर म्हणजे अर्धा गुणिले g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) गुणिले काळाचा वर्ग. उत्तर येतं 0.19 सेकंद. मग त्याला 300 मधून सात-सात वजा करत मोठ्याने आकडे म्हणायला सांगितलं आणि मध्येच पट्टी सोडली. पाचपैकी दोन वेळा ती बोटांमधून पूर्ण निसटून टेबलावर आपटली, म्हणजे पाव सेकंदात हात मिटलाच नाही. प्रयोगशाळेचा काटेकोरपणा यात नाही, पण घरी जरूर करून बघा. हात मोकळा होता, डोळे पट्टीवरच खिळले होते, आणि तरीही उशीर झाला.

हा उशीर मेंदूत नेमका कुठे होतो?

कुठल्याही प्रतिसादाचे तीन टप्पे धरा: जाणवणं, काय करायचं ते ठरवणं आणि करणं. डोळे आणि कान एकाच वेळी काम करू शकतात. तोंड आणि पायही. पण मधला, ठरवण्याचा टप्पा बहुतांशी एका वेळी एकच काम हाती घेतो. आपल्या इंदूरच्या पोह्यांच्या दुकानाचंच बघा. मागे एक मुलगा कांदा चिरतोय, दुसरा जिलबी तळतोय, वाफेवर पातेलं ठेवलेलंच आहे. पण ऑर्डर घेणारा शेठ एकटा. तुम्ही “दोन प्लेट, शेव जास्त” म्हणत असताना शेजारचा कितीही ओरडला, तरी तुमचं ऐकून झाल्याशिवाय त्याचा नंबर लागत नाही.

मानसशास्त्रात या अडकण्याचा अभ्यास 1931 पासून, टेलफर्ड यांच्या प्रयोगांपासून चालू आहे. माणसाला दोन खुणा देतात, समजा आधी एक आवाज आणि मागोमाग एक दिवा. दोन्हींना वेगवेगळं उत्तर द्यायचं. दोहोंमध्ये एक सेकंदाचं अंतर असेल तर दिव्याला उत्तर नेहमीच्या वेगाने मिळतं. अंतर कमी करत नेलं की उशीर वाढू लागतो, आणि तो फार सुबकपणे वाढतो: अंतर 0.1 सेकंदाने घटवलं की उशीर जवळजवळ 0.1 सेकंदानेच वाढतो. आलेखाचा उतार उणे एक. शेठ मोकळा होण्याची वेळ ठरलेली आहे, तुम्ही जितके लवकर याल तितकं जास्त थांबाल, एवढाच त्याचा अर्थ.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. दिवा मुद्दाम मंद केला, म्हणजे ओळखायला अवघड केला, तर एकट्या दिव्याला उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो. पण आवाजामागोमाग लगेच तो मंद दिवा आला, तर ही जादा वाढ जवळजवळ नाहीशी होते! कारण ओळखण्याचं काम रांगेत थांबलेल्या वेळातच उरकतं. शेठपाशी नंबर लागेपर्यंत मागे कांदा चिरून झालेला असतो. याउलट दिव्याचं उत्तर ठरवणं अवघड केलं, तर तो उशीर पूर्णच्या पूर्ण भरावा लागतो. अडचण डोळ्यांत नाही आणि हातात नाही, ती मधल्या ठरवण्यात आहे, हे डोकं न उघडता अशा रीतीने सिद्ध झालं. मला तरी हे तर्काचं एक फार देखणं काम वाटतं. 2006 मध्ये लेव्ही, पॅशलर आणि बोअर यांनी सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या नकली रस्त्यावर, गाडी चालवणाऱ्यांना पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट पेटताच ब्रेक दाबायला सांगितलं आणि त्याआधी क्षणभर एक सोपा प्रश्न टाकला. ब्रेकसारखी अंगवळणी पडलेली गोष्टसुद्धा रांगेत थांबली.

आता ऑफिसच्या फोनकडे या. “शुक्रवार की सोमवार” हा ऐकण्याचा प्रश्न नाही, ठरवण्याचा आहे. युटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी 2001 मध्ये हेच पाहिलं: रेडिओ ऐकण्याने लोकांचं गाडी चालवण्यासारखं काम बिघडलं नाही, फोनवरच्या संभाषणाने बिघडलं, आणि फोन हातात असो वा नसो, सारखंच बिघडलं. पुढे त्यांच्या गटाने चालकांच्या नजरेचा माग ठेवला, तेव्हा बोलणाऱ्यांची नजर ज्या फलकांवर स्थिर झाली होती तेही त्यांना नंतर ओळखता येईनात. प्रकाश डोळ्यात शिरला, पण दखल घ्यायला आत कुणी मोकळं नव्हतं. “दिसलीच नाही”चा अर्थ हा.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना असं का होत नाही, असं ताईने विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. शेजारच्यालाही रस्ता दिसतो. गर्दी आली की तो आपसूक गप्प बसतो, “अरे, सांभाळ” म्हणतो. 2008 च्या एका सिम्युलेटर प्रयोगात ठरलेल्या ठिकाणी वळून थांबायचं होतं. सोबत्याशी बोलणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ जण थांबले, फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्मे पुढे निघून गेले. फोनपलीकडच्या साहेबांना टोमॅटोची पिशवी दिसत नाही.

प्रत्यक्ष रस्त्यावरचा पुरावाही आहे. टोरांटोत रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी 1997 मध्ये अपघात झालेल्या 699 चालकांची फोनची बिलं तपासली. फोनवर बोलणं चालू असताना धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्स-फ्रीचा फायदा आढळला नाही.

आपला कायदा मात्र हातापाशी थांबतो. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. कलम 184 नुसार चालवताना हातातला फोन वापरणं ‘धोकादायक चालवणं’ ठरतं: पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांत हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, वापरायची मुभा आहे. चौराह्यावरच्या हवालदाराला कानाशी धरलेला फोन दिसतो, डोक्यातली रांग दिसत नाही, हे मी समजू शकतो. पण त्यामुळे हँड्स-फ्री म्हणजे सुरक्षित असा समज पसरला, आणि गाड्या विकणारेही तो पसरवतात, हे मला फार खटकतं. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. सरकारी तक्त्यात मोबाईलच्या नावावर त्यांतली जेमतेम दोन टक्के आहेत. अपघातानंतर फोन खिशात जातो, आणि कारण म्हणून लिहिला जातो वेग.

भाच्याच्या गाडीला पुढे लिंबू-मिरची आहे. ताई दर शनिवारी बदलते. तिची माया मला कळते, पण त्या दिवशीही ती तिथेच लटकत होती. लिंबाने मेंदूतली रांग पुढे सरकत नाही. वर आपण राखले गेलो आहोत असं वाटतं, आणि माणूस सैल पडतो. ताईला मी हे सरळ सांगितलं. ती रागावली, पण पट्टीचा प्रयोग तिनेही करून पाहिला.

भाच्याने आता चालवताना फोन घेणं सोडलंय. “फक्त सिग्नलला थांबलो की मेसेजला बोलून उत्तर देतो,” म्हणाला. म्हणून त्याला स्ट्रेयर यांच्याच गटाचा 2015 चा अभ्यास दाखवला. गाडीतल्या काही यंत्रणांना तोंडी आज्ञा देऊन झाल्यावरही चालकाचं लक्ष पूर्ववत व्हायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. त्याने लगेच पेन घेतलं. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर, गुणिले 27. कागदावर 297 लिहून तो थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “मामा, त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी तुम्हाला स्टेशनच्या दारापर्यंत कसं आणलं, ते मला आठवतच नाहीये.”