तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी म्हणजे विमानाचा प्रवासकाळ नव्हे

सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, गाडीने चार-साडेचार तास, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. सोलापूरच्या सात रस्ता चौकातलं आणि पुण्याच्या स्वारगेटचं घड्याळ एकच, त्यामुळे पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा केली की झालं. हीच वजाबाकी मंडळी मुंबई-लंडनच्या तिकिटावर करतात आणि मग घरोघरी तेच ऐकू येतं: "जाताना साडेचार तास, येताना मात्र साडेचौदा!" असं कुठलंही प्रवासी विमान उडत नाही.

तिकिटावर निघायची वेळ निघालेल्या गावची असते, पोचायची वेळ पोचलेल्या गावची. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 2 ला निघालात आणि लंडनला संध्याकाळी 6.30 ला उतरलात. लंडनच्या 6.30 ला आपल्याकडे मध्यरात्रीचे 12 वाजलेले असतात. म्हणजे प्रवास झाला 10 तासांचा. परतताना तिथून सकाळी 10 ला निघालात आणि मुंबईत रात्री 12.30 ला उतरलात, तर साडेचौदातून घड्याळांच्या फरकाचे साडेपाच तास वजा करा. उरले 9.

आता नीट बघा. तिकीट सांगतं जाणं छोटं, येणं लांब. प्रत्यक्षात जाणंच लांब आहे! कारण साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात. "पृथ्वी खाली फिरते म्हणून फरक पडतो" हे स्पष्टीकरण मला अजिबात सहन होत नाही. हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने.

घड्याळांचा फरक पाठ नसेल तर जाण्या-येण्याच्या दोन्ही वजाबाक्यांची बेरीज करून निम्मी करा. साडेचार आणि साडेचौदा मिळून एकोणीस, निम्मे साडेनऊ. एका बाजूला कमी झालेले तास दुसऱ्या बाजूला वाढलेले असतात, म्हणून सरासरी बरोबर येते. विमान थेट हवं, मध्ये थांबणारं नको. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार तासांचाच. दुबईशी तो बारा महिने दीड तास.

अंतराचा घोळ त्या मानाने किरकोळ. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. प्रवासी विमान तासाला नऊशेच्या आसपास जातं. साडेचार तासांत पोचायला त्याला सोळाशेचा वेग लागेल, एवढा भागाकार केला तरी शंका यायला हवी. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली तर वळसा पडून वेळ वाढतो, तो भाग निराळा.

तारीख मात्र दोनदा वाचा. वरच्या उदाहरणात लंडनहून 14 तारखेला निघालेला माणूस रात्री 12.30 ला उतरतो, म्हणून तिकिटावर पोचायची तारीख 15 असते. ती पाहून लोक 15 च्या दुपारी सोलापुरातून गाडी काढतात, आणि तोवर पाहुणा बिचारा मुंबईच्या विमानतळावर बारा तास ताटकळलेला असतो. गाडी 14 च्या दुपारीच निघायला हवी. पाहुणा निघायच्या आधीच दोन्ही वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे, वारासकट कागदावर लिहा आणि तोच कागद ड्रायव्हरच्या हातात द्या.