विषबाधा की संसर्ग? रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात फरक कुठे पडतो

एका ठिकाणी जेवून दहा-बारा जण आजारी पडले की सगळे एकच शब्द वापरतात: विषबाधा. प्रत्यक्षात या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही.

खऱ्या विषबाधेत जंतूंनी आपलं काम अन्नातच उरकलेलं असतं. भाताचं मोठं पातेलं ओट्यावर तसंच ठेवलेलं असतं. वरचा थर गार लागतो, पण मधोमध डाव खुपसला तर दोन तासांनीही वाफ येते. बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचबंद, सुप्त रूपं, शिजवल्यावरही जगतात आणि अशा कोमट जागी वाढून विष तयार करतात. मग ‘पुन्हा गरम केलंय, काही होत नाही’ असं म्हणून तोच भात वाढला जातो. गरम केल्याने जिवाणू मरतात, पण उलट्या घडवणारं हे विष उकळीलाही दाद देत नाही. स्टॅफिलोकॉकसचं विषही तसंच चिवट. तो जिवाणू अनेकांच्या नाकात असतो, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत तर हमखास. त्याचा त्रास अर्ध्या तासापासून 8 तासांच्या आत सुरू होतो. इथे उपाय एकच: शिजवलेलं अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवा, नाहीतर उथळ ट्रेमध्ये पसरून झटपट गार करा आणि 5 अंशांच्या खाली ठेवा.

संसर्गात जिवंत जंतू किंवा विषाणू पोटात जातात आणि आजार तिथे सुरू होतो. त्रास सुरू व्हायला साल्मोनेला या जिवाणूच्या बाबतीत 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, नोरोव्हायरस या विषाणूच्या बाबतीत साधारण 12 ते 48 तास. म्हणून शेवटच्या जेवणावर खापर फोडण्याची घाई करू नये, दोष परवाच्या ताटाचाही असू शकतो. शिवाय विषबाधा एकाची दुसऱ्याला होत नाही, हे आजार मात्र होतात.

साल्मोनेला नीट शिजवल्यावर मरतो. नोरोव्हायरसचा धोका मुख्यतः शिजवल्यानंतर हात लागणाऱ्या किंवा न शिजवताच वाढल्या जाणाऱ्या पदार्थांत: सॅलड, बर्फ, कापलेली फळं. त्याचे मोजके कणही पुरतात, आणि हाताला चोळायच्या सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा भरवसा धरता येत नाही. साबण आणि वाहतं पाणी, 20 सेकंद, नखांच्या खाचांसकट. एवढं करूनही आजारी माणूस स्वयंपाकघरात नको. उलट्या-जुलाब थांबल्यावरही किमान 48 तास त्याने घरीच राहावं, कारण बरं वाटू लागलं तरी शरीरातून विषाणू बाहेर पडतच असतो.

त्या दिवसांचा पगार मालकाने कापू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. पगार जाणार म्हटल्यावर आचारी पोट बिघडल्याचं सांगणारच नाही आणि सकाळी नेहमीसारखा सॅलड चिरायला उभा राहील.