किडनी म्हातारी की आजारी?

दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवू. कल्पित आहेत, पण असे कागद कुठल्याही लॅबमधून रोज बाहेर पडतात. एक ७८ वर्षांच्या आजोबांचा, दुसरा त्यांच्या ४२ वर्षांच्या जावयाचा. क्रिएटिनिन दोघांचंही १.३. खाली ईजीएफआरच्या ओळीत, म्हणजे किडन्या मिनिटाला किती मिलीलिटर रक्त गाळतात त्या अंदाजात, आजोबांचे ५६ आणि जावयाचे ७०. साठच्या खाली गेल्यामुळे आजोबांचा आकडा ठळक छापलेला. झालं! आजोबांची डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, किडनीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलेली. जावयाचा कागद फाइलमध्ये गेला, कारण त्याचं ‘सगळं नॉर्मल’ आहे.

त्याच दिवशी दोघांच्या लघवीतलं अल्ब्युमिनही (हे रक्तातलं प्रथिन, गाळणी सैल झाली की लघवीत निसटतं) तपासलं असतं तर चित्र उलटं दिसलं असतं. समजा, आजोबांचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर निघालं १२ आणि जावयाचं ४००. तिसाच्या आत असेल तर ठीक मानतात, तीनशेच्या वर म्हणजे जोरदार गळती. जावयाला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. किडनीचा आजार त्याला आहे. आजोबांची किडनी म्हातारी झाली आहे, इतकंच. या दोन गोष्टींची गल्लत घराघरांत होते, आणि दवाखान्यातही होते.

आधी क्रिएटिनिनचं बघू. एकाच आकड्यातून ५६ आणि ७० असे दोन निकाल कसे निघाले? क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज थोडा थोडा सुटणारा टाकाऊ पदार्थ आहे. वय वाढलं की स्नायू कमी होतात, म्हणजे तो तयारही कमी होतो. तरीही रक्तात तो १.३ राहत असेल, तर बाहेर टाकण्याचा वेगही मंदावलेला असणार, असा हा हिशेब. क्रिएटिनिनवरून ईजीएफआर काढण्याच्या, २०२१ साली आलेल्या सूत्रात दर वर्षाला ०.९९३८ ने गुणतात, म्हणजे वय एका वर्षानं वाढलं की निकाल सुमारे ०.६ टक्क्यानं उतरतो. क्रिएटिनिन १.० असलेल्या ३० वर्षांच्या पुरुषाला हे सूत्र १०४ देतं, त्याच १.० वर ७५ वर्षांच्या बाईंना (बायकांचे स्नायू मुळात कमी, तोही हिशेब सूत्रात असतो) ५९. ‘क्रिएटिनिन एक आहे ना, मग काळजी नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. अंथरुणाला खिळलेल्या, हाडाची काडं झालेल्या आजींचं क्रिएटिनिन ०.६ आलं तरी किडनी ठणठणीत आहे असं समजू नये. स्नायूच नाहीत तर क्रिएटिनिन येणार कुठून? अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची दुसरी रक्ततपासणी कामाला येते. तिचा स्नायूंशी फारसा संबंध नाही.

आता मुळातला प्रश्न. वयानुसार किडनी मंदावते हे कळलं कसं? दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांना मधुमेह, रक्तदाब असं काही ना काही असतंच. त्यांच्याकडे बघून वयाचा वाटा कुठला आणि रोगाचा कुठला, ते सांगता येत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे १९५८ साली एक अभ्यास सुरू झाला. त्यात त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा बोलावून तपासलं जाई. त्यातून १९८५ साली किडनीची आकडेवारी प्रसिद्ध झाली. किडनीचा आजार नसलेल्या आणि रक्तदाबाची औषधं न घेणाऱ्या २५४ जणांमध्ये गाळण्याची क्षमता सरासरी वर्षाला ०.७५ मिलीलिटरनं उतरत होती. पण त्याच अभ्यासात सुमारे एक तृतीयांश लोकांची क्षमता इतक्या वर्षांत उतरलीच नाही. ‘वय झालं की किडनी जाणारच’ असं सरसकट म्हणणाऱ्याला मी हीच ओळ दाखवतो.

पुढचा मोठा पुरावा किडनीदात्यांकडून आला. दाता म्हणजे ठोकून-बजावून तपासलेला निरोगी माणूस. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दात्यांचे सीटी स्कॅन आणि प्रत्यारोपणाच्या वेळी घेतलेले किडनीचे बारीक तुकडे यांची सांगड घालून २०१७ साली नेफ्रॉनचा हिशेब मांडला. नेफ्रॉन म्हणजे गाळण्याचं सर्वांत लहान युनिट. १८ ते २९ वयाच्या दात्यांच्या एका किडनीत चालू स्थितीतले सुमारे ९ लाख ९० हजार नेफ्रॉन होते, ७० ते ७५ वयाच्या दात्यांच्या किडनीत ५ लाख २० हजार. जवळपास निम्मे. आणि ही सगळी माणसं किडनी देण्याइतकी धडधाकट!

त्याच गटाच्या त्याच वर्षी छापून आलेल्या दुसऱ्या कामातली बाब मला त्याहून महत्त्वाची वाटते. उरलेला प्रत्येक नेफ्रॉन किती गाळतो, हे त्यांनी काढलं. ते भरलं मिनिटाला सुमारे ८० नॅनोलिटर. आणि सत्तरीपर्यंतच्या निरोगी दात्यांत ते वयानुसार बदलत नव्हतं. म्हणजे नेफ्रॉन घटले, पण उरलेल्यांवर जादा बोजा पडला नाही.

आजारात नेमकं इथेच बिनसतं. कारखान्यातली निम्मी माणसं निवृत्त झाली आणि कामही तेवढंच कमी झालं, तर उरलेल्यांचं बरं चालतं. काम तेवढंच राहिलं तर त्यांना डबल ड्युटी. मधुमेहात सुरुवातीपासून प्रत्येक नेफ्रॉनच्या गाळणीत दाब चढलेला असतो. म्हणून पहिल्या काही वर्षांत ईजीएफआर चक्क वाढलेला दिसू शकतो आणि पेशंट खूश असतो. या दाबानं गाळण्या फुगतात, त्यांची जाळी सैलावते, अल्ब्युमिन लघवीत निसटू लागतं. काही गाळण्यांवर व्रण पडून त्या कायमच्या बंद होतात, मग त्यांचाही भार उरलेल्यांवर. अतिगाळणीचं हे चक्र अमेरिकी किडनीतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडलं. आधार होता किडनीचा बराचसा भाग काढून टाकलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांचा. एकदा सुरू झालं की हे चक्र स्वतःच स्वतःला ढकलत राहतं. मूळ कारण थोपवलं तरी ते चालू राहू शकतं.

तेव्हा दोघांत फरक करायचा तो गळती आणि वेग यांवरून. म्हाताऱ्या किडनीत अल्ब्युमिन गळत नाही, किंवा अगदी नावापुरतं गळतं. आजारी किडनीत बहुतेक वेळा गळतं. म्हातारी किडनी वर्षाला एखाद्या मिलीलिटरनं उतरते. आजारी किडनी तीन, पाच, कधी त्याहून जास्त. वर्षाला पाचपेक्षा जास्त घसरण टिकून राहिली, तर डॉक्टर तिला वेगानं बिघडणारी किडनी म्हणतात. वेग एका रिपोर्टवरून कधीच कळत नाही. जुने कागद लागतात, आणि आपल्याकडे ते लग्नाच्या अल्बमखाली कुठेतरी असतात. बाकी खुणा कमी भरवशाच्या. फेसाळ लघवी ही खूण ऐकायला सोपी, पण भांड्यात जोरानं पडली तरी फेस येतो. सोनोग्राफीत ‘किडनी किंचित जास्त पांढरी दिसते’, ‘साधी गाठ आहे’ अशी वाक्यं आली की लोक हादरतात. पाण्यानं भरलेल्या साध्या गाठी पन्नाशीनंतर अनेकांत सापडतात आणि बहुतेकदा त्यांना हातही लावावा लागत नाही.

मग घोळ कुठे आहे? व्याख्येत. २००२ साली अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशननं दीर्घकालीन किडनीविकाराची व्याख्या ठरवली: तीन महिन्यांहून अधिक काळ ईजीएफआर साठच्या खाली, किंवा लघवीत अल्ब्युमिनसारखी किडनीला इजा झाल्याची खूण. जगानं ती उचलली. त्याआधी प्रत्येक डॉक्टर आपापल्या शब्दांत बोलत असे, त्यामुळे तिचा फायदा मोठा झाला. पण साठची रेघ २५ वर्षांच्या तरुणाला आणि ८० वर्षांच्या आजींना एकच. त्यामुळे सत्तरीपुढची असंख्य माणसं एका रात्रीत ‘स्टेज ३’ची रुग्ण झाली. कॅलिफोर्नियातले ज्येष्ठ किडनीतज्ज्ञ रिचर्ड ग्लासॉक यांनी यावर वर्षानुवर्षं टीका केली. २०१९ साली बेल्जियमचे पिअर डेलानेय, ग्लासॉक आणि इतरांनी वयानुसार तीन रेघा सुचवल्या: चाळिशीच्या आत ७५, चाळीस ते पासष्टपर्यंत ६०, त्यापुढे ४५. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताची आकडेवारी २०२१ साली आली. पासष्टीपुढच्या, ४५ ते ५९ ईजीएफआर असलेल्या आणि अल्ब्युमिन न गळणाऱ्या लोकांत किडनी निकामी होण्याचं प्रमाण अगदी कमी होतं. त्यांचं भवितव्य त्याच वयाच्या आजार नसलेल्यांसारखंच निघालं.

दुसरी बाजूही कच्ची नाही. साठचीच रेघ ठेवा म्हणणारे सांगतात की म्हातारपणात ती सर्रास ओलांडली जाते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही; मोतीबिंदूही सर्रास होतो. अधिकृत व्याख्या अजून साठचीच आहे. माझं मत विचाराल तर रेघेच्या भांडणापेक्षा लघवीची तपासणी न होणं हा मोठा गुन्हा. अनेक ‘फुल बॉडी’ पॅकेजांत साठ-सत्तर तपासण्या असतात, त्यात क्रिएटिनिन असतं, पण लघवीतलं अल्ब्युमिन नसतं. तरुणांतला आजार तिथेच निसटतो.

आणि आजोबांचं ताट? गळती नाही, पोटॅशियम नीट आहे, तर डाळ-पालक कशापायी तोडायचे? या वयात प्रथिनं तोडली की स्नायू झडतात आणि माणूस न्हाणीघरात पडतो. २०२४ सालची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा अशक्त, स्नायू गळालेल्या वृद्धांना प्रथिनं कमी करण्याऐवजी वाढवण्याचा विचार करा असंच सांगतात.

म्हातारी किडनी निरोगी असली तरी तिच्याजवळ शिल्लक कमी असते, हे मात्र विसरू नये. लघवी दाट करण्याची तिची ताकद घटते, म्हणून रात्री उठणं वाढतं (पुरुषांत प्रोस्टेटचा हात असतोच). मीठ धरून ठेवायलाही ती उशीर लावते. एरवी सुरळीत चालणाऱ्या या किडनीला मे महिन्यातले जुलाब, अंगात भरलेला ताप किंवा गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी दोन दिवसांत बसवू शकते. रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी आणि वेदनाशामक एकत्र, वर अंगात पाणी कमी: आजोबांना खरा धोका इथून आहे. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसारख्या औषधांचा डोसही ईजीएफआरवरूनच ठरतो, त्यामुळे आजोबांचा ५६ हा आकडा फाडून टाकायचा नसतो.

आता याच नात्याची उलटी दिशा. वय किडनीला थकवतं तशी आजारी किडनीही शरीराला म्हातारं करते. १९९७ साली जपानमध्ये माकोतो कुरो-ओ यांच्या गटाला उंदरांतलं एक जनुक सापडलं. ते बिघडलं की उंदीर कोवळ्या वयातच म्हातारे होत: हाडं ठिसूळ, रक्तवाहिन्या कडक, कातडी पातळ, आयुष्य जेमतेम दोन महिन्यांचं. ग्रीक पुराणात आयुष्याचा धागा कातणारी देवता आहे, तिचं नाव या जनुकाला दिलं: क्लोथो. हे प्रथिन शरीरात सर्वाधिक बनतं ते किडनीत, आणि किडनीविकारात ते बरंच लवकर घटू लागतं. २००५ साली असंही दिसलं की ते जास्त बनवणारे उंदीर जास्त जगतात. माणसांसाठी त्याचं औषध अजून नाही. त्या नावानं बाटल्या विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

माणसांतलं चित्र त्या उंदरांची आठवण करून देणारं आहे. २००० सालच्या एका अभ्यासात डायलिसिसवरच्या २० ते ३० वयाच्या १६ जणांपैकी १४ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलेलं सापडलं. त्याच वयाच्या निरोगी ६० जणांत ते फक्त तिघांमध्ये होतं. विशीतलं पोर आणि रक्तवाहिन्या सत्तरीच्या. आजाराला वयाची गरज नसते, हे अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना सांगावं लागत नाही. तिथे किडनीच्या तक्रारी ऐन कष्टाच्या वयातल्या माणसांतही ऐकू येतात.

जावयाचं काय करायचं, हे आता बरंच ठरलेलं आहे. साखर आणि रक्तदाब आटोक्यात, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या रक्तदाबाच्या औषधांच्या घराण्यातली एक गोळी, आणि २०१९-२०२० च्या मोठ्या चाचण्यांनंतर डापाग्लिफ्लोझिनसारखी, मुळात मधुमेहासाठी आलेली दुसरी. दोन्ही गोळ्या गाळणीतला चढलेला दाब उतरवतात. साहजिकच पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर तीन-चारनं खाली येतो आणि क्रिएटिनिन थोडं चढतं. रिपोर्ट हातात पडताच ‘गोळीनं किडनी बिघडली’ म्हणत अनेक जण ती परस्पर बंद करतात. ही घसरण म्हातारपणाची नाही आणि आजाराचीही नाही. दाब उतरल्याची पावती आहे. क्रिएटिनिन मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांहून जास्त चढलं तर डॉक्टरांना लगेच दाखवावं. तेवढं चढलं नसेल तर गोळी चालू ठेवावी आणि लघवीतलं अल्ब्युमिन काही महिन्यांनी पुन्हा मोजावं.