१३-० वरून २-१०: फ्लोरिडा स्टेटच्या घसरणीची पार्श्वभूमी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा २०२४ चा हंगाम सुरू झाला तो अमेरिकेत नाही, आयर्लंडमध्ये. २४ ऑगस्टला डब्लिनमध्ये जॉर्जिया टेकने अगदी शेवटच्या किकवर फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संघाला २४-२१ असं हरवलं. हंगामापूर्वीच्या क्रमवारीत फ्लोरिडा स्टेट देशात दहावं होतं, त्यामुळे बहुतेकांनी हा अपघात समजून सोडून दिला. नऊ दिवसांनी बोस्टन कॉलेजने त्यांना त्यांच्याच गावी, टॅलाहॅसीत, येऊन हरवलं, त्यानंतर मेम्फिसने. नोव्हेंबर सरला तेव्हा १२ पैकी १० सामने हातचे गेले होते. जिंकलेल्या दोनपैकी एक सामना चार्ल्स्टन सदर्न या खालच्या विभागातल्या छोट्या विद्यापीठाशी होता. तो वगळला तर एकाही सामन्यात २१ च्या वर गुण नाहीत. ड्यूकने या संघाला इतिहासात पहिल्यांदाच हरवलं. नोत्र दामने ५२-३ अशी धूळ चारली आणि दुसऱ्याच दिवशी आक्रमणाचे आणि बचावाचे मुख्य साहाय्यक प्रशिक्षक घरी गेले.

हरणारे संघ दरवर्षीच असतात. हा मात्र जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी १३ पैकी १३ सामने जिंकलेला संघ होता.

या विद्यापीठाला मोठ्या पडझडी नव्या नाहीत. १९४७ पर्यंत हे मुलींचं कॉलेज होतं. महायुद्धावरून परतलेल्या तरुणांना जागा हवी होती म्हणून ते सहशिक्षणाचं झालं, त्याच वर्षी फुटबॉल संघ उभा राहिला आणि पहिल्या हंगामात पाचही सामने हरला. पुढे संघ बरा जमला. मग १९७३ उजाडलं. लॅरी जोन्स या प्रशिक्षकाच्या काळात हिवाळी सराव एका खोलीत व्हायचा. तिथे जमिनीपासून चारेक फुटांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणलेली असे. खेळाडूंनी वाकूनच झुंजावं म्हणून. अनेक पोरं संघ सोडून निघून गेली. ‘सेंट पीटर्सबर्ग टाइम्स’ने हे प्रकरण छापलं आणि त्या वर्षी संघ ०-११ असा संपला, म्हणजे शून्य विजय, अकरा पराभव. पुढच्या वर्षी १-१०, त्याच्या पुढच्या वर्षी ३-८. तीन वर्षांत ३३ पैकी २९ पराभव.

१९७६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाहून बॉबी बाउडन आले. ते गमतीने सांगत, की आधीच्या गावी गाड्यांच्या मागे ‘पिट्सबर्गला हरवा’ असे स्टिकर असायचे, इथे आलो तर ‘कुणालाही हरवा’ असे दिसले. पहिलं वर्ष ५-६, दुसरं १०-२. नंतरचा काळ दंतकथेत शोभावा असा: १९८७ ते २००० अशी सलग चौदा वर्षं हंगामाअखेर देशातल्या पहिल्या पाचांत, १९९३ आणि १९९९ ची राष्ट्रीय विजेतेपदं. बाउडन २००९ पर्यंत राहिले. त्यांच्या जागी आलेल्या जिंबो फिशरने २०१३ मध्ये आणखी एक विजेतेपद आणलं. आजच्या चाहत्याची अपेक्षा याच काळात घडली. त्याच्या लेखी ८-४ हासुद्धा वाईट हंगाम.

घसरण सुरू झाली ती फिशर २०१७ च्या अखेरीस टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडे गेला तेव्हा; तिकडे त्याला दहा वर्षांचा ७.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. मागे राहिलेला संघ पोकळ झाला होता. विली टॅगर्टच्या हाताखाली २०१८ मध्ये ५-७, म्हणजे १९७६ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. त्यालाही दुसरं वर्ष पुरं करू दिलं नाही. करारातली घसघशीत भरपाई देऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये निरोप दिला. मग मेम्फिसहून माइक नॉर्व्हेल आला. त्याची पहिली दोन वर्षंही वाईटच गेली. २०२१ मध्ये जॅक्सनव्हिल स्टेटसारख्या खालच्या विभागातल्या संघाने शेवटच्या चेंडूवर ५९ यार्डांचा टचडाउन करून (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेऊन) हरवलं, तेव्हा त्याचे दिवस भरले असंच वाटत होतं.

तो वाचला नियम बदलल्यामुळे. पूर्वी खेळाडूने विद्यापीठ बदललं तर सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ पासून एकदा बदल करून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिराती घेऊन पैसे कमावण्याचीही. बदली करू पाहणाऱ्यांची नोंद होते ती ‘ट्रान्स्फर पोर्टल’वर, आणि नॉर्व्हेलइतकी हुशारीने ही बाजारपेठ फार थोड्यांनी हाताळली. ऑल्बनी या छोट्या विद्यापीठातून जॅरेड व्हर्स, ओरेगनहून ट्रे बेन्सन, मिशिगन स्टेटहून कीऑन कोलमन, वेस्टर्न मिशिगनहून ब्रेडन फिस्क. संघाचा कणा म्हणावा असा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसही मुळात लुईव्हिलचा; तो टॅगर्टच्या काळातच आला होता. २०२२ मध्ये १०-३. २०२३ मध्ये पहिल्या तेरा सामन्यांत एकही हार नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ट्रॅव्हिसचा पाय मोडला. बदली क्वार्टरबॅकही जायबंदी झाल्यामुळे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा, म्हणजे फ्लोरिडा स्टेट ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्याचा, अंतिम सामना तिसऱ्या क्रमांकाच्या नवख्या मुलाला घेऊन खेळावा लागला, आणि बचावाच्या जोरावर तोही १६-६ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी निवड समितीने राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफसाठी एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं आणि अपराजित फ्लोरिडा स्टेटला पाचव्या क्रमांकावर बसवलं. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता असा बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ. पाय आधीच मोडला असता तर संघ माझ्यावाचूनही किती चांगला आहे हे दिसलं असतं, असं ट्रॅव्हिसने हळहळून लिहिलं. राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी कोर्टकज्ज्यासाठी अर्थसंकल्पात दहा लाख डॉलर सुचवले. (राज्याच्या तिजोरीतून फुटबॉलचा अपमान धुऊन काढायचा, हे फ्लोरिडातच शक्य.) विद्यापीठाने मात्र खटला भरला तो आपल्याच कॉन्फरन्सवर, टीव्हीच्या पैशांवरून आणि बाहेर पडण्याच्या जबर दंडावरून.

अन्यायाने संघाचं मन मोडलं आणि म्हणून २०२४ ची वाताहत झाली, असं टॅलाहॅसीत अजून सांगितलं जातं. मला ते पटत नाही. अन्याय झाला हे खरं. पण ३० डिसेंबरच्या ऑरेंज बाउलमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या खास ‘बाउल’ सामन्यांपैकी एकात, खरं चित्र आधीच दिसलं होतं. व्यावसायिक लीगकडे निघालेले आणि दुसरीकडे बदली घेणारे असे दोन डझनांहून अधिक खेळाडू त्या सामन्याला उतरलेच नाहीत. उरलेल्यांना जॉर्जियाने ६३-३ असं चिरडलं. बाउल सामन्यांच्या इतिहासात एवढं मोठं अंतर तोवर नव्हतं. म्हणजे दुसरी फळी नव्हतीच. शाळेतून उचलून तीन-चार वर्षं घडवलेली मुलं थोडी होती, आणि बाहेरून आणलेली पिकली की उडून जाणारी होती. एप्रिल २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू निवडीत) या संघाचे दहा जण निवडले गेले. प्लेऑफमध्ये जागा मिळाली असती तरी ते दहा जण गेलेच असते.

भगदाड बुजवायला पुन्हा पोर्टलच. या वेळी सौदे फसले. क्लेमसन आणि ओरेगन स्टेट करून आलेला डीजे उइआंगलेले पाच सामने खेळला, बोटाला दुखापत झाली, आणि त्याच्या मागे उभी होती ती कच्ची पोरं. क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी इतकी ढिली, की चेंडू टाकायला उसंतच मिळेना. १९७३ मध्ये निघून गेलेल्या खेळाडूंची जागा भरायला तीन-चार वर्षं लागली होती. आता एका हिवाळ्यात संघ उभाही राहतो आणि रिकामाही होतो.

एवढ्या पराभवांनंतरही नॉर्व्हेल टिकला, त्याचं कारण मैदानाबाहेर आहे. जानेवारी २०२४ मध्ये अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले आणि त्या जागेसाठी नॉर्व्हेलचं नाव पुढे आलं. घाबरलेल्या फ्लोरिडा स्टेटने त्याला आठ वर्षांचा, वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार दिला. हंगाम बुडाल्यावर त्याला काढायचं म्हटलं तर भरपाई सहा कोटी डॉलरच्या वर जात होती. टॅगर्टला काढताना जे धाडस जमलं, ते इथे परवडणारं नव्हतं. नॉर्व्हेलने स्वतःच्या पगारातले ४५ लाख डॉलर संघासाठी परत दिले आणि आक्रमणाची सूत्रं गस मालझान या अनुभवी प्रशिक्षकाकडे सोपवली. मार्च २०२५ मध्ये कॉन्फरन्सशी समझोता होऊन खटलाही मिटला. ३० ऑगस्ट २०२५ ला टॅलाहॅसीत अलाबामाला ३१-१७ असं हरवल्यावर लोक मैदानात धावले. तो हंगाम ५-७ असा संपला. विद्यापीठाने नॉर्व्हेलला २०२६ साठीही ठेवलं आहे.