युरिएज

युरियाचे विघटन करणारे विकर, म्हणजेच एन्झाइम. गोठा दोन दिवस धुतला नाही की नाकाला झोंबतो तो वास अमोनियाचा. गुरांच्या मूत्रातल्या युरियापासून तो तयार होतो, आणि ते काम जिवाणूंमधले युरिएज करते.

युरिया तसा चिवट. नुसत्या पाण्यात ठेवला तर त्याचे विघटन व्हायला वर्षानुवर्षे लागतात. युरिएजमुळे हीच विक्रिया कितीतरी पटींनी वेगवान होते. ती पट साधारण एकावर चौदा शून्ये इतकी मानतात. विकर विक्रियेला ऊर्जा पुरवते, हा समज चुकीचा आहे. फुटण्यापूर्वी रेणूला एका अस्थिर अवस्थेतून जावे लागते. तिथवर पोचायला लागणारी ऊर्जा म्हणजे सक्रियण ऊर्जा. विकर हा चढ कमी करते, विक्रियेचा समतोल मात्र बदलत नाही. युरिएजच्या रेणूत जिथे विक्रिया घडते त्या खोबणीत निकेलचे दोन अणू शेजारी-शेजारी असतात. युरियाचा ऑक्सिजन निकेलला धरतो, निकेलनेच पकडून ठेवलेले पाणी त्याच्या कार्बनवर चाल करते आणि अमोनिया सुटतो. युरियाचा उरलेला तुकडा, म्हणजे कार्बामेट, पाण्यात आपोआप फुटतो. खोबणी पुन्हा मोकळी.

विकरे प्रथिने असतात हे कळले तेही युरिएजमुळेच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये जॅक बीनच्या (आपल्या अबईची ही जवळची नातलग) पिठातून युरिएजचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचे दाखवले. लहानपणी शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता. रसायनशास्त्र तुला जमणार नाही, असे त्यांना सांगितले गेले होते. त्यांचा निष्कर्ष अनेकांनी, विशेषतः जर्मनीतल्या नामांकितांनी, वर्षानुवर्षे मानला नाही. नोबेल मिळाले ते १९४६ मध्ये.

शेतात वरवर फेकलेल्या युरियातला नत्र हवेत उडून जातो, त्याच्याही मुळाशी मातीतले युरिएजच. म्हणून खत मातीआड करावे किंवा लगेच पाणी द्यावे.

कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज भरपूर असते आणि पुरेशा उष्णतेने ते निकामी होते. पेंड नीट भाजली गेली की नाही, हे म्हणूनच त्यावरून तपासतात: युरिया आणि फिनॉल रेड (अमोनियासारख्या अल्कलीने लाल होणारा रंग) यांचे द्रावण टाकले की कच्च्या पेंडीवर लाल ठिपके उमटतात. एकही ठिपका आला नाही, तर पेंड जास्त तापल्याची शंका घेतात.