गव्याने डोळे पांढरे केले

शाळेच्या क्रीडामहोत्सवाला मॅस्कॉट हवा, असं ठरलं. मराठीच्या तासाला आम्ही त्याला शुभंकर म्हणतो, मैदानावर आलं की मॅस्कॉट. खेळशिक्षकांचं मत बैलाला होतं. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्य मिळवलं, त्या स्पर्धेचा मॅस्कॉट 'पेरी' नावाचा बैलच होता, हा त्यांचा मुद्दा. पण आमच्या साताऱ्याच्या शाळेत बरीच मुलं जावळी आणि पाटणकडची. त्यांनी गवा उचलून धरला. २०२३च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही गवा होता, 'मोगा'. झालं, गवा ठरला.

चित्रकलेच्या सरांनी कागदाच्या लगद्याचं डोकं केलं. सर कामात फार प्रामाणिक. खऱ्या गव्याचे फोटो समोर ठेवून लांबट तोंड, शिंगांमधला उंचवटा आणि दोन्ही अंगांना काळेभोर डोळे, सगळं जसंच्या तसं. रंगीत तालमीला आठवीतला एक मुलगा ते डोकं घालून बालवाडीच्या रांगेपुढे उभा राहिला, आणि दोघांनी असा सूर लावला की बाईंना त्यांना कडेवर घेऊन वर्गात जावं लागलं.

सरांनी रात्रीतून दोनच बदल केले. तोंड चार बोटं छाटलं. टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापून त्याच्या दोन वाट्या समोरच्या बाजूला चिकटवल्या आणि प्रत्येकीवर एक काळा ठिपका काढला. दुसऱ्या दिवशी तीच बालवाडी गव्याच्या कमरेला मिठी मारायला रांगेत उभी.

तोंड छाटण्याचं कोडं सोपं आहे. वासराचं तोंड आखूड, बैलाचं लांब. माणसाच्या बाळाचंही तसंच: डोकं अंगाच्या मानाने मोठं, कपाळ गोल आणि पुढे आलेलं, डोळे मोठे आणि जरा खाली, गाल गुबगुबीत, हातपाय आखूड. अशी ठेवण दिसली की मोठ्या माणसाला आपसूक माया येते, हे ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनतज्ज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं. २००९ मध्ये याची एक छान परीक्षा झाली. बाळांच्या फोटोंमध्ये संगणकावर कपाळ, डोळे, गाल कमीजास्त करून ते मूल न झालेल्या बायकांना दाखवले, आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहरा जितका जास्त 'बाळसेदार', तितका मेंदूतला बक्षिसाचा आनंद देणारा भाग जास्त जागा झाला. मिकी माऊसचा चेहराही वर्षागणिक असाच बाळासारखा होत गेला, हे जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी चक्क मोजून दाखवलं होतं.

ब्राझीलने २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाला तीन पट्ट्यांचा आर्माडिलो हा अंगावर कवच असलेला प्राणी निवडला, 'फुलेको'. खऱ्या आर्माडिलोचं थोबाड निमुळतं, डोळे बारीक. मायेच्या परीक्षेत तो नापासच व्हायचा, पण घाबरला की अंगाचा बंद चेंडू करतो म्हणून त्याचा नंबर लागला. तेव्हा काही शास्त्रज्ञांनी मागणी केली की स्पर्धेतल्या प्रत्येक गोलामागे त्याच्या कातिंगा या कोरड्या झुडपी रानाचं एक हजार हेक्टर राखा. गोल झाले १७१. म्हणजे १,७१० चौरस किलोमीटर, आपल्या कोयना-चांदोलीच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जवळजवळ दीडपट! मागणी मात्र मागणीच राहिली.

आता चेंडूच्या वाट्या. त्यांचं कोडं मला पाटणच्या एका मुलाने घातलं. त्यांच्या शिवारात गवे उतरतात. तो म्हणाला, "सर, खरा गवा असं बघत नाही. तो आपल्याकडं बघतोय का नाही, तेच कळत नाही." अगदी बरोबर. चरणाऱ्या जनावराचे डोळे डोक्याच्या दोन अंगांना, त्यामुळे शेपटीमागची थोडी जागा सोडली तर त्याला सगळीकडचं दिसतं. त्यात डोळ्यात दिसतं ते बहुतेक सगळं गडद, मग नजरेचा रोख लागणार कसा? माणसाच्या डोळ्यात बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरं उघडं असतं. जपानच्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये माकडांच्या आणि वानरांच्या कितीतरी जातींशी तुलना केली, तेव्हा एवढं पांढरं माणसातच सापडलं. का, यावर वाद चालू आहे. एक मत असं की एकमेकांच्या नजरेचा रोख कळावा म्हणून. काही चिंपांझींच्या डोळ्यांतही पांढरं असतं, त्यामुळे गोष्ट वाटली तितकी सरळ नाही.

कुत्र्याने पांढऱ्याशिवायच जमवलं. त्याच्या भुवईच्या आतल्या टोकाशी एक स्नायू आहे, तो ओढला की डोळा मोठा आणि केविलवाणा दिसतो. लांडग्यात हा स्नायू नीटसा तयारच झालेला नाही, असं २०१९च्या एका अभ्यासात दिसलं. ऑलिम्पिकचा पहिला अधिकृत मॅस्कॉट कुत्रा होता, म्युनिकचा 'वाल्डी', १९७२. तिथल्या मॅरेथॉनचा मार्गसुद्धा त्याच्या आकृतीसारखा आखला होता.

महोत्सवाच्या दिवशी त्या पाटणच्या मुलाचे आजोबा आले होते. सगळा जन्म बैलांमागे गेलेला. गवा मैदानाला फेरी मारून त्यांच्यापुढे आला, पोरं टाळ्या पिटत होती. आजोबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे भ्यालंय व्हय रं?"

मी हसलो, पण ते बरोबर होते. गुरांच्या डोळ्यातलं पांढरं एरवी झाकलेलं असतं. जनावर बुजलं, अडलं, चिडलं की पापण्या ताणतात आणि ते बाहेर दिसतं. नॉर्वेत संशोधकांनी दुभत्या गाईंसमोर चारा दिसेल पण मिळणार नाही असा ठेवला, आणि डोळ्यातलं पांढरं किती टक्के उघडं पडतं ते मोजलं. चारा न मिळालेल्या गाईंचं वाढलं, चारा मिळालेल्यांचं नाही.

आत डोकं घातलेला आठवीतला मुलगा मात्र खरोखरच हैराण होता. डोळे नुसते शोभेचे, बघायचं ते तोंडाच्या जाळीतून, आणि फोमच्या अंगात घाम वाळायला वारा नाही. दर दहा मिनिटांनी त्याला झाडाखाली नेऊन डोकं उतरवावं लागत होतं.